आम्ही शाळेला काय दिलं

आमच्या शाळेची कमान गाव लागायच्या आधी दिसते. एसटीतून उतरलं की डाव्या हाताला कपाशीची दोन वावरं, त्यांच्यापलीकडं पिवळा रंग दिलेले दोन उंच खांब आणि त्यांच्यावर शाळेचं नाव. नावाखाली बारक्या अक्षरांत लिहिलंय, 'माजी विद्यार्थी, दहावी बॅच 1991'. खांबाच्या आतल्या अंगाला ग्रॅनाइटची पाटी आहे. तिच्यावर 43 नावं आहेत. अकरावं माझं.

आपलं नाव दगडावर पाहायला माणसाला बरं वाटतं. मलाही वाटलं. गावी गेलो की मी त्या पाटीकडं एक नजर टाकूनच पुढं जायचो. गेल्या मार्चात असाच उभा होतो तर शाळेची दुपारची सुट्टी झाली आणि कमानीतून पोरी बाहेर पडायला लागल्या. सातवी-आठवीतल्या, दोघी-दोघी, तिघी-तिघी, दप्तर न घेता. जेवायला घरी चालल्या म्हणावं, तर खिचडी शाळेतच शिजते. मी विचारलं, "कुठी चालल्या गं?" त्यांनी एकमेकींकडं पाहिलं, हसल्या आणि निघून गेल्या.

उत्तर दिलं खिचडी शिजवणाऱ्या बाईनं. "संडासात पानी नाई ना भाऊ. घरी जाऊन येतात. ज्यायचं घर दूर हाये, थ्या दुपारून येतच नाईत मंग."

ही बाई पाचवी ते सातवी आमच्याच वर्गात होती. सातवीनंतर तिची शाळा सुटली, सोळाव्या वर्षी गावातल्या गावात लग्न झालं. मी तिला 'तू' म्हणतो, ती मला 'तुमी' म्हणते. पाटीवर तिचं नाव नाही, कारण ती दहावीच्या बॅचमध्ये नव्हती.

नाटकाचं, पुस्तकाचं परीक्षण लिहिलं जातं. माजी विद्यार्थ्यांच्या देणगीचं कुणी लिहीत नाही. तिची फक्त बातमी होते. 'माजी विद्यार्थ्यांनी पालटलं शाळेचं रूप' असा मथळा, खाली फेटे बांधलेल्या माणसांचा फोटो. बातमी उद्घाटनाच्या दिवसाची असते. पुढच्या तीन-चार उन्हाळ्यांत काय झालं त्याची बातमी कुणी देत नाही. म्हणून आमच्याच देणगीचं परीक्षण मी इथं करणार आहे. देणाऱ्यांत मी होतो, ठरवणाऱ्यांतही होतो, तेव्हा कुणावर राग काढायचा प्रश्न नाही.

सुरुवात चांगली झाली होती, हे आधी सांगतो. 2017 साली कुणीतरी मोबाईलवर ग्रुप काढला. महिनाभरात पुण्याचे, नागपूरचे, सुरतचे, एक कुवेतचा असे सगळे सापडले. पोरी मात्र फारशा सापडल्या नाहीत. लग्नानंतर आडनाव बदललेलं, गाव बदललेलं, मोबाईल नवऱ्याच्या नावावर. वर्गात 19 मुली होत्या, ग्रुपमध्ये पाच आल्या. 2018 च्या दिवाळीत स्नेहमिलन ठरलं. म्हाताऱ्या सरांना बोलावलं, पाय धुतले, शाल-श्रीफळ दिलं. घंटा वाजवली, प्रार्थना म्हटली, बाकावर बसून हजेरी दिली. "हजर सर" म्हणताना माझा गळा दाटला, हे मी लपवत नाही. जेवण झाल्यावर कुणीतरी उठून म्हणालं, आपण शाळेचं देणं लागतो. टाळ्या झाल्या आणि त्याच बैठकीत साडेचार लाखांचा आकडा ठरला.

मुख्याध्यापकांनी एक चिठ्ठी आणून दिली. ती माझ्याकडं अजून आहे. वहीच्या कागदावर सहा ओळी. मुलींच्या संडासाला पाणी. खालच्या टाकीतून वर पाणी चढवायला मोटार. दोन वर्गखोल्यांचा स्लॅब गळतो. वीजबिल थकलंय. पिण्याच्या पाण्याची सोय. शेवटी, जमलं तर, कंपाउंडची पडलेली भिंत. कमान या चिठ्ठीत कुठंच नव्हती.

कमान ग्रुपवर जन्मली. मतदान घेतलं. मतं पडली ती कमानीला, रंगकामाला, स्टेजला आणि आरओच्या मशीनला, याच क्रमानं. मोटार आणि संडासाच्या पाण्याला चार मतं. वीजबिलाचा विषय मी काढला होता, थोडासा. त्यावर एक मित्र बोलला ते मला अजून आठवतं, "बिल भरून आपल्याले काय भेटन? पावती!" सगळे हसले. मीही हसलो आणि कमानीला मत दिलं.

का दिलं, याचा मी नंतर विचार केला. माणूस आठवणीला पैसे देतो. आमच्या आठवणीतली शाळा म्हणजे झेंडावंदनाचं पटांगण, गॅदरिंगचं स्टेज, प्रवेशाची वाट. आमच्या काळी शाळेला संडास नव्हताच. पोरं कपाशीत जायची. पोरी काय करायच्या, हे आम्हाला ठाऊक नव्हतं आणि आम्ही कधी विचारलंही नव्हतं. जी गोष्ट आठवणीतच नाही, तिच्यासाठी हात खिशाकडं कसा जाणार? ग्रुपमध्ये 19 च्या 19 जणी असत्या तर मतदान वेगळं झालं असतं असं मला आज वाटतं. निदान एखादीनं तरी तोंड उघडलं असतं.

दुसरं कारण जास्त बोचरं आहे. पाटीवरच्या 43 जणांपैकी एकाचंही लेकरू त्या शाळेत नाही. शहरात गेलेल्यांचं सोडा, गावात राहिलेल्या आठ जणांची पोरंसुद्धा सकाळी पिवळ्या गाडीत बसून तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला जातात. शाळेत उरली ती मजुरी करणाऱ्यांची, सालदारांची, पारध्यांच्या तांड्यावरची. आम्ही शाळेला दिलं, पण त्या लेकरांना दिलं नाही. ती आमच्या डोळ्यांपुढं नव्हतीच. आमच्या डोळ्यांपुढं 1991 होतं.

पूर्वी शाळांना लोकांनी दिलं नाही असं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली, तिच्यासाठी घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा व्हायचं. वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आमच्या वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांनी 1930 च्या दशकात श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, ती शेतकऱ्याच्या पोरांसाठी. त्या काळी मूठभर ज्वारी देणाऱ्या बाईचं पोरगं त्याच शाळेत बसणार असायचं, नाहीतर शेजारणीचं तरी. शाळेत पाणी नसलं तर तिला संध्याकाळी कळायचं. आमचं तसं नाही. शाळेची टाकी कोरडी पडली तर कुवेतला काही कळत नाही, पुण्यालाही नाही आणि गावातल्या गावात माळीवर राहणाऱ्या आमच्या मित्रालाही नाही.

आता पाण्याचं सांगतो, कारण आमच्या देणगीतलं खरं हसू तिथं आहे.

आमचं गाव घाटाखालचं, संग्रामपूर तालुक्यातलं, खारपाण पट्ट्यातलं. ज्यांनी हा मुलूख पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत नऊशेच्या आसपास गावं अशी आहेत की तिथं जमिनीखालचं पाणीच खारं. वर काळी माती, खाली गाळ, आणि त्या गाळात मुरलेला खार. विहीर खोदा की बोअर मारा, पाणी लागतं पण डाळ शिजत नाही. साबणाला फेस येत नाही. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असावेत, दुसरा उपायच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यावेत, असं भारतीय मानक सांगतं. आमच्याकडं कित्येक बोअर त्याच्याही वर जातात. संग्रामपूर, जळगाव जामोद या भागात किडनीच्या आजारानं किती घरं बसली हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. लोक त्याचा संबंध पाण्याशी जोडतात. 2025 च्या जानेवारीत शेजारच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस अचानक गळायला लागले, तेव्हाही पहिला संशय पाण्यावरच गेला आणि बाटल्या भरभरून नमुने तपासायला गेले. पुढं सेलेनियमचं नाव निघालं, ते वेगळं. पण एरवी पाणी तपासायची आठवण कुणाला होत नाही, हे त्या वेळी दिसलं.

म्हणजे शाळेला आरओ द्यायचं हा विचार वाईट नव्हता. चिठ्ठीतल्या पाचव्या ओळीला धरूनच होता. मशीन आलं, व्हरांड्यात बसलं, त्याच्यावरही आमच्या बॅचचं स्टिकर लागलं. थंड पाण्याचे तीन नळ. पोरांनी पहिल्या दिवशी पोट फुगेपर्यंत पाणी प्यायलं असं सर म्हणाले. त्या पाण्याचा फोटो ग्रुपवर दोन दिवस फिरत होता.

आता त्या मशीनचं कसं चालतं ते ऐका. आरओ खारं पाणी बारीक पडद्यातून जोरानं दाबतं. गोडं पाणी पलीकडं जातं, खार अलीकडं राहतो. पाणी जितकं खारं तितका पडदा लवकर चोंदतो. आमच्यासारख्या पाण्यावर तो वारंवार धुवावा लागतो, बदलावा लागतो, त्याच्या आधीच्या जाळ्या बदलाव्या लागतात, आणि प्रत्येक वेळी अकोल्याहून माणूस बोलवावा लागतो. यातला कशाचाच खर्च आम्ही धरला नव्हता. पहिलं वर्ष वॉरंटीत गेलं. मग 2020 चा मार्च आला, शाळा बंद झाल्या आणि मशीन व्हरांड्यात कोरडं पडून राहिलं. हा पडदा वापरात नसताना कोरडा ठेवायचा नसतो. शाळा उघडली तेव्हा नळाला वास मारणारं पाणी यायला लागलं, मग थेंब, मग तेही नाही. आता त्याच्यावर खिचडीच्या तांदळाची रिकामी पोती ठेवतात.

अजून एक गोष्ट मला फार उशिरा कळली. असं मशीन जितकं पाणी गोडं करतं त्याहून जास्त पाणी खारं म्हणून बाहेर टाकतं. मशीन चालू होतं त्या वर्षभर ते पाणी एका पाइपातून मागच्या नालीत जात होतं. मागच्या नालीपासून मुलींचा संडास वीस पावलांवर आहे. ते पाणी पिण्याच्या कामाचं नव्हतं, पण संडासात टाकायला काय हरकत होती? वीस पावलांचा पाइप. ग्रॅनाइटच्या पाटीवरच्या दोन नावांच्या कोरणावळीत झाला असता. कुणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण संडास हा आमचा विषय नव्हता.

मग नळ का नाही, असं कुणी विचारील. वान धरणाचं गोडं पाणी आमच्या तालुक्यात आलं ही मोठी गोष्ट झाली. शाळेलाही नळ आहे. पण नळाचं पाणी खालच्या हौदात पडतं आणि ते वरच्या टाकीत चढवायला मोटार लागते, म्हणजे चिठ्ठीतली दुसरी ओळ. आम्ही वरच्या मजल्यावर दोन हजार लिटरची नवी टाकी बसवून दिली, निळ्या रंगाची, दुरून दिसणारी. मोटार दिली नाही. जुनी मोटार 2022 साली जळाली. तेव्हापासून वरची टाकी रिकामी आहे. वाऱ्यानं तिचं झाकण उडून गेलंय आणि आत पारव्यांनी घरटी केली आहेत.

समजा मोटार असती, तरी चालवली कुणी असती? आमच्या वेळी शाळेला तीन शिपाई होते. एक घंटा द्यायचा, एक पाणी भरायचा, एक झाडायचा. पाणी भरणाऱ्या काकांचा दरारा हेडमास्तरांपेक्षा जास्त होता, रांजणात हात बुडवला की कानशिलात बसायची. ते निवृत्त झाले, बाकीचे दोघेही झाले. 11 डिसेंबर 2020 ला सरकारनं निर्णय काढला की अनुदानित शाळांत असली चतुर्थश्रेणीची पदं रिकामी झाली की पुन्हा भरायची नाहीत, त्याऐवजी शिपाई भत्ता द्यायचा. ग्रामीण भागासाठी तो महिन्याला 5,000 रुपये आहे. पाच हजारांत घंटा, झाडणं, पाणी, कुलूप-किल्ली सगळं करायला कोण येणार? कापूस वेचायला गेलं तर याहून जास्त सुटतात. शिक्षकांचा पगार सरकार देतं, इमारत संस्थेची, आणि रोजच्या खर्चासाठी म्हणून जे वेतनेतर अनुदान असतं ते मधली कित्येक वर्षं बंदच होतं, पुढं सुरू झालं ते तोकडं. खडू, झाडू, वीजबिल, मोटारीचं वाइंडिंग हे सगळं या फटीत पडतं. माजी विद्यार्थी खरे उपयोगाचे असतील तर या फटीतच. आम्ही फटीवरून उडी मारून कमानीवर गेलो.

इथं कुणी म्हणेल, संडासाचं पाणी देणं हे तुमचं कामच नाही, सरकारचं आहे. बरोबर आहे. शिक्षण हक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत मुलामुलींचे वेगळे संडास आणि सगळ्या मुलांना पुरेसं, सुरक्षित पिण्याचं पाणी स्पष्ट लिहिलंय. ऑक्टोबर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहा महिन्यांची मुदत घालून तेच पुन्हा बजावलं. पण हे हक्क मागायला आवाज लागतो. शाळेत ज्यांची लेकरं आहेत ते लोक सोयाबीनच्या सोंगणीला गेलेले असतात. गटशिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलापुढं उभं राहून "साहेब, हे का झालं नाही" असं विचारायची भाषा आमच्याकडं आहे. आमच्यात दोन वकील आहेत, एक तहसीलदार आहे, मी स्वतः बँकेत 30 वर्षं कागद हाताळलेत. आम्ही एक अर्जही केला नाही. आम्ही दिलं आणि सुटलो. एका अर्थी आमच्या देणगीनं नुकसानच केलं. नवीन रंग आणि कमान पाहून बाहेरचा कोणीही माणूस म्हणणार, या शाळेला काही कमी दिसत नाही.

त्याच कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तीन-चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या बायका. सरकारकडून किंवा इतर कुठूनही आलेला पैसा कसा खर्च होतो यावर नजर ठेवणं हे तिचं एक काम. अनुदानित शाळांत 2012 च्या दुरुस्तीनंतर ही समिती फक्त सल्ला देते. पण आम्ही सल्लासुद्धा विचारला नाही. त्या वर्षीच्या समितीत खिचडीवाली आमची वर्गमैत्रीण होती, तिची धाकटी तेव्हा सहावीत होती. तिला कमानीच्या उद्घाटनाला बोलावलं होतं, जेवण करायला.

सरकारनंही आता देणगीला रीत घालून दिली आहे. 18 सप्टेंबर 2023 च्या निर्णयानं शाळा दत्तक घेता येते. पाच वर्षं किंवा दहा वर्षं. ग्रामीण भागात पाच वर्षांना 50 लाख, दहा वर्षांना 1 कोटी इतकं काम केलं तर देणाऱ्याला हवं ते नाव त्या मुदतीसाठी शाळेच्या नावाला जोडता येतं. हे वाचून मला आधी रागच आला. नावाचा भाव ठरवून दिला म्हणून. आमची पाटी फुकटात पडली म्हणायची! पण राग बाजूला ठेवून वाचलं तर त्यात एक गोष्ट आमच्यापेक्षा बरी आहे. तिथं मुदत आहे. पाच वर्षं तुम्ही त्या शाळेचे लागता. आमची देणगी एका दिवसाची होती. फीत कापली, नारळ फोडला, फोटो काढला आणि संध्याकाळच्या खामगाव गाडीनं निघालो.

आमच्याच जिल्ह्यात दुसऱ्या तऱ्हेचं उदाहरण आहे. मोताळा तालुक्यातलं सिंदखेड. 2018 च्या वॉटर कप स्पर्धेत या गावानं राज्यात दुसरा क्रमांक वाटून घेतला. उन्हाळ्याचे 45 दिवस गाव टिकाव-फावडं घेऊन माळावर होतं. खोदलेल्या चरावर कुणाचं नाव लिहायची सोय नसते. आमचं स्नेहमिलन त्याच वर्षाच्या दिवाळीतलं. आमच्यातले काही जण त्या उन्हाळ्यात हौसेनं तिथं श्रमदानाला जाऊनही आले होते, फोटो आहेत. तिथून काय शिकून आलो ते कमान सांगतेच. गाडगेबाबा आमच्या वऱ्हाडातले. गावात आले की आधी गाव झाडायचे, मग कीर्तन. आम्ही नुसतं कीर्तन करून आलो.

एवढं लिहून झाल्यावर आमच्या मुख्याध्यापकांची बाजूही सांगायला हवी. त्यांनी चिठ्ठी दिली आणि गप्प बसले. मी त्यांना नंतर विचारलं, सर, तेव्हा बोलला का नाहीत? ते म्हणाले, "तुमी देनारे. देनाऱ्याच्या गायीचे दात मोजता का?" त्यांचंही चूक नाही. पण देणारा आणि घेणारा यांच्यात एवढा संकोच असेल तर पैसा जातो कुठं आणि गरज राहते कुठं, हे पाहायला तिसरा कुणीतरी लागतो. तो तिसरा माझ्या मते रोज शाळेत चूल पेटवणारी बाई आहे. शाळेत पाणी कधी येतं, किती येतं, कुठं गळतं, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही. तिला खिचडी पाण्यावर शिजवायची असते. नळाला पाणी नसलं की ती घरून गुंडानं आणते.

मार्चात तिच्याशी बोलून मी शाळेची गच्ची पाहायला चढलो. जुन्या दोन खोल्यांचा स्लॅब साधारण 100 चौरस मीटर भरतो. आमच्याकडं वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. म्हणजे त्या दोन खोल्यांवर 70 हजार लिटर पाणी पडतं. गळती, उडून जाणं, पहिल्या पावसाचं घाण पाणी सोडून देणं, असं वजा केलं तरी 56 हजार लिटर हाताशी राहतं. 180 पोरांना पिण्यापुरतं, दोन लिटरप्रमाणे, रोजचं 360 लिटर. दीडशे दिवस. पावसाळ्यात भरत आणि वापरत गेलं तर दिवाळीनंतरचे बरेचसे महिने निघतात. आणि खारपाण पट्ट्यात आभाळातून पडणाऱ्या पाण्यात खार नसतो. त्याला पडदा लागत नाही, अकोल्याचा माणूस लागत नाही. चार मीटर लांब, चार मीटर रुंद, साडेतीन मीटर खोल असा झाकलेला हौद, पन्हाळीचे पाइप, एक गाळणी, ब्लिचिंग पावडर, आणि उन्हाळ्यात हौद घासून काढणारं माणूस. पण स्लॅबच गळतो, म्हणजे आधी चिठ्ठीतली तिसरी ओळ.

हा हिशेब मी ग्रुपवर टाकला. पहिलं उत्तर आलं, "हौद जमिनीखाली राहीन का?" मी म्हटलं, हो. पुढं कुणी काही लिहिलं नाही.

गेल्या दिवाळीत पुन्हा बसलो, या खेपेला फेटे न बांधता. मी मांडलं की नवीन काहीच द्यायचं नाही. प्रत्येकानं महिन्याला 200 रुपये, पाच वर्षं. त्यातून मोटार, वीजबिल आणि रोज पाणी चढवायला, संडास धुवायला एका माणसाचा पगार. 43 जणांचे महिन्याला 8,600 होतात. भांडण झालं. एक जण म्हणाला, ही भीक झाली, देणगी नव्हे. एकानं विचारलं की पाच वर्षांत शाळा बंद पडली तर? तो प्रश्न खोटा नव्हता, पटसंख्या दरवर्षी घटतेच आहे. शेवटी 17 जण तयार झाले. सहा जणांनी ग्रुप सोडला. बाकीच्यांनी अंगठा दाखवला, पैसे नाही पाठवले. 17 जणांचे 3,400 रुपये. सुरतच्या मित्रानं मोटारीचा खर्च वेगळा उचलला, नाव न टाकण्याच्या अटीवर. पावती मात्र त्यानं मागून घेतली.

पगाराचं काम आमच्या वर्गमैत्रिणीला विचारलं. तिनं लगेच हो म्हटलं नाही. चूल, घर आणि वावर सांभाळून जमेल का, याचा तिनं दोन दिवस विचार केला. मग दोन गोष्टी विचारल्या. "मोटारीचं बटन खाली लावसान का भाऊ? थे वर हाये, पोट्ट्याले टेबलावर चढवा लागते." आणि दुसरी, "किल्ली कोनापाशी राईन?"

बटण खाली घेतलं. किल्लीसाठी संस्थेच्या माणसांशी तीन वेळा बोलावं लागलं. आता ती तिच्याकडं असते. वरच्या टाकीतली घरटी काढली, टाकी दोनदा धुतली, झाकणाला तार बांधली. स्लॅबचं आणि हौदाचं अजून काही झालेलं नाही. तहसीलदार झालेल्या मित्राकडून मी एक अर्ज लिहून घेतलाय, शाळा व्यवस्थापन समितीच्या सह्या घेऊन तो द्यायचा आहे. मार्चात मी पुन्हा जाणार आहे, दुपारच्या सुट्टीच्या वेळेला.